दाब की स्पर्श? भारताच्या हाती आलेल्या दोन पडद्यांचा इतिहास

२२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन थ्रीजी भारतात अधिकृतपणे विक्रीस आला. एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्यांनी तो आणला. ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती आणि १६ जीबीच्या फोनची ३६,१००. नावातच थ्रीजी असलेला हा फोन आला, तेव्हा देशात थ्रीजी सेवा सुरूही झालेली नव्हती. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २ ऑक्टोबर २००८ रोजी, नोकियाने ‘५८०० एक्सप्रेसम्युझिक’ हा आपला स्पर्शपडद्याचा फोन जाहीर केला. यथावकाश तोही भारतीय दुकानांत दिसू लागला.

दोन्ही फोनांवर अंकांच्या कळा नव्हत्या. दोन्हींचा दर्शनी भाग बहुतांशी पडद्यानेच व्यापलेला होता. त्यामुळे ते एकाच जातीचे वाटत. प्रत्यक्षात त्यांचे पडदे भौतिकशास्त्राच्या दोन निरनिराळ्या तत्त्वांवर चालत होते. त्या दोन तत्त्वांची स्पर्धा पुढील चार-पाच वर्षांत भारतात लागली आणि संपलीही. तिचा निकाल आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मात्र तो निकाल कसा लागला आणि त्यात आपण काय मिळवले, काय गमावले, हे समजून घेणे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आजही उपयोगाचे आहे.

कागदावरची तुलना

त्या काळी एखाद्या विद्यार्थ्याने वहीत दोन रकाने आखून या फोनांची तुलना केली असती, तर नोकियाचा रकाना भरगच्च झाला असता. नोकियाचा कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा आणि सोबत एलईडी दिवे. आयफोनचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा आणि दिव्याविना. नोकियावर चित्रफीत काढता येत असे. आयफोन थ्रीजीवर ती सोय नव्हती. नोकियाच्या ३.२ इंची पडद्यावर ६४० गुणिले ३६० बिंदू होते, आयफोनच्या ३.५ इंची पडद्यावर ४८० गुणिले ३२०. नोकियात मेमरी कार्ड घालता येई, बॅटरी काढून बदलता येई, एफएम रेडिओ ऐकता येई आणि ब्लूटूथने मित्राला गाणे पाठवता येई. आयफोनमध्ये यांपैकी काहीच नव्हते. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोयसुद्धा त्यात जून २००९ मध्ये आली. शिवाय नोकियाची किंमत हजारो रुपयांनी कमी होती.

एवढे असूनही पुढे टिकला तो आयफोनच्या जातीचा पडदा. येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. भारतात आयफोन जिंकला असे म्हणता येणार नाही. येथील बाजारपेठ अँड्रॉइड प्रणालीच्या फोनांनी व्यापली. पण त्या फोनांनीही पडदा निवडला तो आयफोनच्याच तत्त्वाचा. म्हणजे स्पर्धा दोन कंपन्यांची जेवढी होती, त्याहून अधिक ती दोन पडद्यांची होती. त्या पडद्यांचे गुणदोष वर आखलेल्या रकान्यांत कोठेच दिसत नाहीत. ते पाहण्यासाठी पडद्याच्या आत डोकवावे लागते.

दोन तत्त्वे

नोकियाचा पडदा ‘रेझिस्टिव्ह’ म्हणजे विद्युतरोधाच्या तत्त्वावर चालणारा होता. अशा पडद्यात दोन थर असतात. वरचा थर लवचीक प्लास्टिकचा आणि खालचा बहुधा काचेचा. दोन्हींच्या समोरासमोरच्या बाजूंवर इंडियम टिन ऑक्साइडचा पातळ लेप असतो. हा पदार्थ पारदर्शक असूनही वीजवाहक आहे. दोन थरांमध्ये हवेची अतिशय बारीक पोकळी असते आणि ती टिकून राहावी म्हणून मध्ये सूक्ष्म ठिपके बसवलेले असतात. वरून दाब पडला की वरचा थर वाकून खालच्या थराला टेकतो. एका थराच्या दोन कडांमध्ये विभवांतर ठेवलेले असते आणि टेकलेल्या जागी ते किती आहे, हे दुसऱ्या थरामार्फत मोजले जाते. शाळेच्या प्रयोगशाळेत लांब तारेवर संपर्कबिंदू सरकवून आपण विभवांतर मोजतो, तोच हा प्रयोग. तो आधी आडव्या दिशेने आणि मग उभ्या दिशेने केला की स्पर्शाचे स्थान मिळते.

आयफोनचा पडदा ‘कपॅसिटिव्ह’ म्हणजे विद्युतधारकतेच्या तत्त्वावरचा. त्यात काचेखाली उभ्या आणि आडव्या पारदर्शक वाहक पट्ट्यांची जाळी असते. जेथे दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात, तेथे एक सूक्ष्म धारित्र तयार होते. आपले शरीर वीजवाहक आहे. बोट जवळ आले की त्या ठिकाणच्या विद्युतक्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो आणि दोन पट्ट्यांमधील धारकता किंचित घटते. हा बदल फार अल्प, एका पिकोफॅरडहूनही कमी असतो. तो टिपून भोवतालच्या विद्युत गोंगाटातून वेगळा काढण्यासाठी स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक चिप लागते.

आता गुणदोष आपोआप उलगडतात. रेझिस्टिव्ह पडद्याला केवळ दाब हवा. तो बोटाचा आहे, नखाचा आहे, पेन्सिलीच्या मागच्या टोकाचा आहे की हातमोज्यातल्या हाताचा, याची त्याला फिकीर नसते. टोकदार लेखणीने त्यावर अगदी बारीक जागा नेमकी दाखवता येते. त्याचे मोजमाप साध्या मंडलाने होते, म्हणून तो स्वस्त पडतो. मात्र दोन थर आणि मधली हवा यांमुळे प्रकाशाचा काही भाग वाया जातो आणि उन्हात पडदा फिकट दिसतो. वरचा थर प्लास्टिकचा असल्याने त्यावर ओरखडे उठतात. पुन्हापुन्हा वाकून आतल्या लेपाला तडे जातात. आणि साध्या रचनेत दोन बोटे एकदम टेकली, तर त्याला त्यांच्या दरम्यानची एकच जागा कळते.

कपॅसिटिव्ह पडद्याचे सारे याच्या उलट. त्यावर काच असते, म्हणून तो स्वच्छ दिसतो आणि टिकतो. त्याला दाबावे लागत नाही. नुसते बोट फिरवले तरी पुरते. जाळीतील प्रत्येक छेद स्वतंत्रपणे वाचता येत असल्याने अनेक बोटे एकाच वेळी ओळखता येतात. दोन बोटे फाकवून छायाचित्र मोठे करण्याची क्रिया त्यातूनच शक्य झाली. पण नख, लाकडी काडी किंवा जाड हातमोजा त्याला जाणवत नाही, कारण हे पदार्थ विसंवाहक आहेत. पाण्याचे थेंब मात्र त्याला जाणवतात आणि तो गोंधळतो. पावसाळ्यात भिजल्या हाताने फोन उचलू पाहणाऱ्यास हा अनुभव नवा नाही.

जुनी मुळे

या दोन्ही कल्पना मोबाइल फोनहून जुन्या आहेत. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावर लघुलेख प्रसिद्ध केला. हवाई वाहतूक नियंत्रण हा त्यामागचा हेतू होता आणि तत्त्व कपॅसिटिव्ह होते. १९७२ मध्ये युरोपातील सर्न या प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे यांनी कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी पारदर्शक कपॅसिटिव्ह पडद्याची योजना मांडली. त्या पडद्यावर ठरावीक संख्येची बटणे असत. त्यांचा अर्थ मात्र संगणक बदलू शकत असे.

रेझिस्टिव्ह घराण्याचा उगम अमेरिकेतील. सॅम्युअल हर्स्ट हे भौतिकशास्त्रज्ञ प्रयोगातील आलेखपट्ट्या वाचण्याच्या किचकट कामाला कंटाळले होते. वीजवाहक कागदाच्या साहाय्याने बिंदूचे स्थान मोजण्याची युक्ती त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली आणि १९७१ मध्ये टेनेसीतील ओक रिज येथे कंपनी स्थापन केली. एकाहून अधिक बोटे ओळखण्याच्या प्रयत्नांत टोरंटो विद्यापीठातील निमिष मेहता यांचे १९८२ चे काम आरंभीचे मानले जाते. त्यांनी धूसर काचेमागे कॅमेरा ठेवून बोटे टिपली होती.

फोनवर प्रथम आला तो रेझिस्टिव्ह पडदा. १९९४ मध्ये विक्रीस आलेला आयबीएमचा ‘सायमन’ हा सुमारे अर्धा किलो वजनाचा फोन लेखणीने चालवता येई. १९९६ च्या ‘पाम पायलट’ने लेखणी आणि पडदा ही जोडी घरोघरी परिचित केली. या पूर्वपीठिकेमुळे नोकियाचा फोन लेखणीसह आला यात नवल नव्हते. ती फोनच्या मागील झाकणात खोचलेली असे.

बंगळुरूचा प्रयोग

या इतिहासात भारताचेही एक पान आहे आणि ते आयफोनच्या आधीचे आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ हा हातात मावणारा संगणक घडवला. २००१ मध्ये त्याचा नमुना जाहीर झाला. त्यावर लिनक्स प्रणाली होती, स्मार्ट कार्ड वाचण्याची सोय होती, भारतीय भाषांतील मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची योजना होती. स्पर्शपडदा लेखणीने चालणारा होता. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही संगणक वापरता यावा, हा त्यामागील विचार होता. मार्च २००४ मध्ये पिकोपेटा ही कंपनी आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आणला. त्यावर कोणत्याही लिपीत हाताने लिहून तो मजकूर ई-मेलने पाठवता येत असे. कळफलक शिकण्याची अट नव्हती.

सिम्प्युटर अपेक्षेच्या मानाने फारच थोडा खपला. त्याची किंमत सुमारे दहा हजार रुपयांपासून सुरू होई. तेवढ्यात मोबाइल फोन स्वस्त होत गेला आणि बोलण्याची गरज भागवू लागला. तरीही सिम्प्युटरने विचारलेला प्रश्न योग्य होता: या देशातील माणूस यंत्राशी आपल्या भाषेत आणि आपल्या लिपीत कसा बोलेल? २००८ च्या फोनांच्या तुलनेत हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

निकाल कसा लागला

निकालाचे पहिले कारण पडद्यात होते, दुसरे त्यामागील प्रणालीत. आयफोनची प्रणाली मुळापासून बोटासाठी आखलेली होती. यादीवरून बोट झटकले की यादी वेगाने सरके आणि हळूहळू थांबे. नोकियाची सिम्बियन प्रणाली मात्र कळांच्या फोनासाठी वाढलेली होती आणि स्पर्शासाठी नंतर जुळवून घेतलेली. यादीतील नाव उघडण्यासाठी कित्येकदा दोनदा टेकवावे लागे: एकदा निवडण्यासाठी, दुसऱ्यांदा उघडण्यासाठी. वापरणारा त्याचा दोष पडद्याला देई, पण तो सर्वस्वी पडद्याचा नव्हता. तुलना करताना यंत्राचा कोणता भाग कोणत्या त्रासाला कारण आहे हे वेगळे काढले नाही, तर निष्कर्ष चुकतो. त्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तिसरे कारण किमतीचे. उत्पादन वाढत गेले, चिप सुधारल्या आणि कपॅसिटिव्ह पडदा स्वस्त होऊ लागला. २००९ मध्येच सॅमसंगच्या स्वस्त फोनांत ‘स्टार’ रेझिस्टिव्ह पडद्याचा होता, तर ‘कॉर्बी’ कपॅसिटिव्ह. खुद्द नोकियाने त्याच वर्षी ‘एक्स६’ या फोनात कपॅसिटिव्ह पडदा स्वीकारला. २०१२ मध्ये नोकियाच्या ‘आशा’ मालिकेत दोन्ही जाती शेजारी-शेजारी होत्या: ‘३०५’ रेझिस्टिव्ह आणि ‘३११’ कपॅसिटिव्ह. स्वस्तपणा हा रेझिस्टिव्ह पडद्याचा भक्कम आधार होता. तो ढासळल्यावर त्याचे बाकीचे गुण त्याला बाजारात टिकवू शकले नाहीत.

‘आकाश’चा धडा

ही स्पर्धा केवळ हौशी ग्राहकांपुरती राहिली नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी नवी दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब्लेटचे उद्घाटन केले. डेटाविंड कंपनीने बनवलेल्या या सात इंची टॅब्लेटची सरकारला पडणारी किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होती. तेवढ्या किमतीत तो बसवण्यासाठी प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ एमबीची आणि पडदा रेझिस्टिव्ह निवडण्यात आला. टॅब्लेट मंद चालतो, पडदा स्पर्शाला नीट दाद देत नाही, बॅटरी लवकर संपते, अशा तक्रारी आल्या.

पुढे या प्रकल्पाची सूत्रे मुंबईच्या पवई येथील आयआयटीकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ सादर झाला. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, स्मृती ५१२ एमबीची आणि पडदा कपॅसिटिव्ह होता. किंमत मात्र जवळपास पूर्वीचीच. केवळ तेरा महिन्यांत तेवढ्याच पैशांत वेगळ्या जातीचा पडदा परवडू लागला होता.

पहिल्या आकाशची निवड मूर्खपणाची होती, असा निष्कर्ष यातून काढू नये. लेखणीने गणिताची समीकरणे लिहायची असती, आकृत्या काढायच्या असत्या आणि त्यासाठी आवश्यक प्रणाली व वेगवान प्रोसेसर सोबत असते, तर विद्यार्थ्यासाठी रेझिस्टिव्ह पडदा गैरसोयीचा ठरलाच असता असे नाही. पण तो पडदा त्याच्या गुणांसाठी निवडला गेला नव्हता; निवडला गेला तो किमतीसाठी. मग त्याचे दोष तेवढे विद्यार्थ्याच्या वाट्याला आले.

लिपीचे काय?

बारा कळांच्या फोनवर देवनागरी लिहिणे म्हणजे एकेका अक्षरासाठी तीच कळ अनेकदा दाबणे. स्पर्शपडद्याने, मग तो कोणत्याही जातीचा असो, ही अडचण मुळातूनच दूर केली. पडद्यावरच्या कळा रंगवलेल्या नसून रेखाटलेल्या असतात. त्यामुळे तेथे संपूर्ण वर्णमाला मांडता येते आणि भाषा बदलली की कळाही बदलता येतात. भारतीय भाषांच्या दृष्टीने स्पर्शपडद्याचा हा सर्वांत मोठा गुण. तरी तो आपोआप हाती आला नाही. २०१० च्या सुमारास अनेक अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत, कारण फोनमध्ये देवनागरीचा फाँट नसे. जोडाक्षरे जुळवणारी व्यवस्थाही नसे. उत्तम पडदा मुकाच होता, त्याला लिपी नंतर आली.

लेखणी गेल्यामुळे एक गोष्ट मागे पडली: हाताने लिहिणे. २००४ मध्ये सिम्प्युटरवर आपल्या लिपीत लिहून पत्र पाठवता येत होते. सर्वसामान्यांच्या अँड्रॉइड फोनवर देवनागरीत बोटाने लिहून त्याचे छापील अक्षरांत रूपांतर करण्याची सोय गुगलने एप्रिल २०१५ मध्ये दिली. यंत्र हस्ताक्षर ओळखू लागले, ही मोठी प्रगती खरी. पण मधली अकरा वर्षेही विसरता येत नाहीत.

दृष्टिहीन व्यक्तींचीही गोष्ट अशीच आहे. कळांच्या फोनवर पाचाच्या कळेवरील उंचवटा बोटाला वाट दाखवीत असे. सपाट काचेने ती खूण पुसली. २००९ च्या आयफोन थ्रीजीएसमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ ही सुविधा आली. बोट फिरवले की खाली काय आहे ते फोन बोलून सांगू लागला आणि दोनदा टेकवले की ते उघडू लागले. हलका स्पर्श ओळखण्याचा कपॅसिटिव्ह पडद्याचा गुण येथे अनपेक्षितपणे कामी आला.

हरलेल्याचे गुण

रेझिस्टिव्ह पडदा फोनमधून गेला, तरी जगातून गेलेला नाही. जेथे हातमोजे घालून काम करावे लागते, अशा कारखान्यांत आणि वैद्यकीय उपकरणांवर तो आजही आढळतो. आणि विजेत्याने पराभूताचे गुण एकेक करून उसने घेतले. २०११ च्या सॅमसंग ‘गॅलक्सी नोट’ने लेखणी परत आणली, मात्र तिच्यासाठी पडद्याखाली वेगळी विद्युतचुंबकीय यंत्रणा बसवावी लागली. २०१२ च्या नोकिया ‘ल्युमिया ९२०’ची संवेदनशीलता इतकी वाढवली होती की तो नखाने आणि हातमोज्यानेही चाले.

विद्यार्थ्यांनी एक छोटा प्रयोग अवश्य करून पाहावा. आपल्या फोनच्या पडद्यावर आधी बोट टेकवा, मग नुसते नख, मग पेन्सिलीचे लाकडी टोक, मग ओले बोट. काय चालते आणि काय नाही ते लिहून ठेवा व प्रत्येकाचे कारण वाहक आणि विसंवाहक या भेदाच्या आधारे शोधा. नंतर शेतात चिखलाच्या हाताने, प्रयोगशाळेत हातमोज्यांनी आणि परीक्षेच्या सरावात लेखणीने काम करणाऱ्या तीन माणसांसाठी कोणता पडदा योग्य, ते ठरवा. तीन उत्तरे एकसारखी येणार नाहीत.

दोन यंत्रांची तुलना करताना आपण बहुधा आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण आकडे लिहिणे सोपे असते. २००८ मध्ये ते आकडे खरे होते, तरीही पुढे काय होणार ते त्यांतून कळले नाही. यंत्र कोणासाठी आहे, ते कोठे वापरले जाणार आहे, त्याचा गुण कोणत्या तत्त्वातून येतो आणि त्याच तत्त्वातून कोणता दोष येणार आहे, हे चार प्रश्न आधी विचारावेत आणि मगच रकाने आखावेत. सरकार जेव्हा लाखो विद्यार्थ्यांसाठी एखादे उपकरण निवडते, तेव्हा तर हे प्रश्न विचारण्याचा हक्क त्या विद्यार्थ्यांनाही आहे.